धनको कोण, ऋणको कोण?

मराठीत दोन जुने, सुबक शब्द आहेत : धनको आणि ऋणको. ज्याचे पैसे येणे असतात तो धनको आणि ज्याला ते द्यायचे असतात तो ऋणको. शाळेत व्याजाची गणिते सोडवताना हे शब्द आपल्या सर्वांच्या कानांवरून गेले आहेत. पुढे परदेशात आल्यावर मॉर्टगेज आणि क्रेडिट कार्डाच्या गडबडीत ते मागे पडले. या शब्दांत एक गंमत आहे. ऐकताना वाटते की धनको म्हणजे धनवान आणि ऋणको म्हणजे गरीब. व्याकरणाने तसे काही सांगितलेले नाही, पण मनात ते ठसलेले असते. म्हणून गरीब कारागिराचा विषय निघाला की आपण लगेच म्हणतो, "त्याला स्वस्त कर्ज मिळायला हवे." म्हणजे तो ऋणको हे आपण आधीच ठरवून टाकलेले असते.

ही समजूत जरा उलटी करून पाहावी असे माझ्या मनात बरेच दिवस आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते तुमच्या-माझ्या मखरात येऊन बसणारे : पेणचा गणपती आणि तो घडवणारा मूर्तिकार.

रायगड जिल्ह्यातले पेण आपल्याला दोन गोष्टींसाठी ठाऊक असते, पोहे-पापड आणि गणपती. पेण शहर आणि भोवतालची हमरापूर, जोहे यांसारखी गावे मिळून हा मोठा व्यवसाय चालतो. पेणच्या मूर्तीची ओळख तिच्या डोळ्यांच्या आखणीत आहे. ती नजर एकदा पाहिली की दुसरीकडची मूर्ती पटकन डोळ्यांत भरत नाही. मुंबई-पुण्याला तर या मूर्ती जातातच, पण अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, आखाती देश असा त्यांचा प्रवास आता नेहमीचा झाला आहे. आपल्या इथल्या भारतीय किराणा दुकानात श्रावणात ज्या मूर्ती मांडलेल्या दिसतात, त्यांतल्याही कित्येक तिकडूनच आलेल्या असतात.

आता या मूर्तीमागचे आर्थिक वर्ष पाहा. अनंत चतुर्दशी झाली, शेडची झाडलोट झाली की काही आठवड्यांतच पुढच्या वर्षाचे काम सुरू होते. शाडूची माती गुजरातेतून, भावनगरकडून येते. तिचे पैसे, ट्रकचे भाडे, साचे, काथ्या, रंग, शेडचे भाडे आणि वीज हे सगळे आलेच. सगळ्यांत मोठा खर्च मजुरीचा, कारण माती मळणाऱ्याला, साच्यातून मूर्ती काढणाऱ्याला आणि रंगकाम करणाऱ्याला आठवड्याच्या आठवड्याला पैसे हातात लागतात. 'गणपतीनंतर देतो' असे त्याला सांगता येत नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जायच्या म्हणून उन्हाळ्यातच पेटाऱ्यात बसतात. बाकीच्या आषाढ-श्रावणात निघतात. अनेकदा व्यापारी माल उधारीवर उचलतो आणि हिशेब चतुर्थीच्या आगेमागे, कधी त्याच्याही नंतर होतो. दहा महिने पैसा बाहेर जातो आणि एखाद्या महिन्यात तो परत येतो. व्यापाराच्या भाषेत याला खेळते भांडवल म्हणतात. इथे मात्र ते खेळत नाही, मातीत रुतून बसते.

बँक यासाठी कर्ज देत नाही असे नाही, पण तिची अडचण खरी आहे. बँकेला तारण लागते. शेड भाड्याची असते, घर सातबारावर चार भावांच्या नावे असते. राहिला माल. गणपतीची मूर्ती हा जगातला विलक्षण माल आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिला मोल आहे आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ काही नाही. उरलेली मूर्ती वर्षभर जपायची आणि पुन्हा रंग देऊन उभी करायची. कर्ज फेडले नाही म्हणून मूर्ती जप्त करायला येणारा बँक अधिकारी मी तरी अजून ऐकलेला नाही! मग उरतो तो सावकार, किंवा तोच व्यापारी.

थोडी आकडेमोड करू. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण प्रकार असाच असतो. समजा एका कारखान्याला सरासरी २ लाख रुपये दहा महिन्यांसाठी हवेत आणि ते दरमहा शेकडा तीनने मिळाले. महिन्याला ६,००० रुपये व्याज, दहा महिन्यांचे ६०,०००. त्याने हजार मूर्ती केल्या असतील तर दर मूर्तीमागे ६० रुपये केवळ व्याजाचे. आपण फोनवरून "जरा कमी करा हो, दरवर्षीचे गिऱ्हाईक आहे" म्हणून घासाघीस करतो ती साधारण एवढ्याच रकमेसाठी असते.

आता दुसरी बाजू. समजा गिऱ्हाइकांनी मिळून आठ महिने आधी १ लाख रुपये आगाऊ दिले. मूर्तिकाराचे व्याज वाचेल २४,००० रुपये. तेच पैसे आपल्या इथल्या बचत खात्यात राहिले असते तर वर्षाला ४ टक्के धरून आठ महिन्यांत आपल्याला मिळाले असते सुमारे २,७०० रुपये. रक्कम तीच आणि मुदतही तीच. वाट पाहण्याची किंमत मात्र त्याला २४,००० आणि आपल्याला २,७००. असे असूनही वाट पाहतो तो. ज्याला थांबणे सगळ्यांत महाग पडते त्यालाच आपण थांबायला लावतो आणि मग त्याला स्वस्त कर्ज कसे मिळेल यावर परिसंवाद भरवतो.

म्हणजे धनको कोण? माती त्याची, मजुरी त्याने दिलेली, व्याज त्याचे. मूर्ती आपल्याकडे पोचून आरती होईपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, आपल्या उत्सवाला पैसा पुरवतो तो पेणचा मूर्तिकार. दुकानदार, आयातदार, निर्यातदार आणि आपण, असे सगळे त्याचे ऋणको. फक्त हे कर्ज कुठल्या कागदावर लिहिलेले नसते.

हे काही आजचे नाही. गावगाड्यातला बलुतेदार काय करत होता? कुंभार वर्षभर मडकी देई, सुतार नांगर दुरुस्त करी, चांभार मोट शिवी आणि मोबदला मिळे तो सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपाने. म्हणजे वर्षभर तो साऱ्या गावाचा धनको आणि खळ्यावर मात्र हात पसरून उभा. पाऊस दगा देई त्या वर्षी त्याचे येणे बुडे. त्या व्यवस्थेत एक शाश्वती होती हे खरे, वतन होते आणि काम हक्काचे होते. पण जातीची पायरीही होती, आणि येणे मागणाऱ्याला याचकासारखे उभे करण्याची कला आपल्या समाजाने तिथेच कमावली असावी असे मला वाटते. आपल्या संतमालिकेत गोरोबा कुंभार, नरहरी सोनार, नामदेव शिंपी, सेना न्हावी आहेत याचा आपण अभिमान बाळगतो. त्यांचे बलुते वेळेवर पोचत होते का, हा प्रश्न कुणी विचारल्याचे मला आठवत नाही.

शास्त्राकडे वळावे तर तिथेही दोन्ही प्रकार सापडतात. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे आपण पाठ केलेली असतात. शतपथ ब्राह्मणात चौथेही सांगितले आहे, मनुष्यऋण. ते आपण सहसा मोजत नाही. उलट मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचे दर वर्णानुसार चढत जातात : दरमहा शेकडा दोन, तीन, चार आणि पाच. सर्वांत कमी ब्राह्मणाला आणि सर्वांत जास्त शूद्राला, म्हणजेच बहुतेक साऱ्या कारागिरांना. दामदुप्पट म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, हा दयाळू नियमही त्याच परंपरेतला आहे. आज कुठलीही बँक जात विचारून व्याज लावत नाही. तरी शिडी तशीच राहिली आहे. आपले गृहकर्ज एक आकडी टक्क्यांत, बचतगटाबाहेरच्या सूक्ष्म कर्जाचे व्याज वर्षाला विसाच्या वर आणि सावकाराचे छत्तीसच्या पुढे. यात सगळाच दुष्टपणा असतो असे नाही. पन्नास हजारांच्या कर्जाला कागदपत्रे, भेटी आणि वसुलीचे श्रम जवळपास पन्नास लाखांच्या कर्जाइतकेच लागतात. पण कारण समजले म्हणून भार हलका होत नाही.

इथे कुणीतरी महंमद युनूस यांचे नाव घेईलच. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात त्यांनी ४२ जणांना मिळून ८५६ टका दिले, म्हणजे २७ डॉलरही नाहीत. त्यातून पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक आणि २००६ मध्ये शांततेचे नोबेल. या कथेच्या मुळाशी बांबूची मोडी विणणारी सुफिया बेगम आहे. ती बांबूसाठी पाच टका व्यापाऱ्याकडून घेई. अट एकच : मोडा त्यालाच विकायचा आणि तोही तो म्हणेल त्या भावाने. दिवसभराच्या विणकामातून तिच्या हाती राहत ते अमेरिकेच्या हिशेबात दोन सेंट. जगाने यातून घेतलेला धडा असा की गरिबाला कर्ज हवे. मला त्यात दुसरेही काही दिसते. पाच टका तिच्याकडे नव्हते हे खरेच, पण त्या पाच टक्यांनी तिचे गिऱ्हाईक निवडण्याचे स्वातंत्र्य गेले होते, आणि तिची गरिबी होती ती तिथे.

नुसत्या कर्जाने काय होते तेही आपण पाहिले. आंध्र प्रदेशात सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांची चढाओढ लागली, एकेका बाईच्या डोक्यावर तीन-चार कंपन्यांचे हप्ते बसले, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. मग वसुलीच ठप्प झाली. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांवर २६ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि पुढे ती काढलीही. अभिजित विनायक बॅनर्जी (जन्म मुंबईचा, आई माहेरची पाटणकर, आणि मधले नाव या अंकाला साजेसे!) आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह हैदराबादच्या वस्त्यांत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांना कर्जाचा काही उपयोग झाला, पण सरासरी घराच्या राहणीमानात किंवा मुलांच्या शिक्षणात म्हणावा तसा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. कर्ज गिऱ्हाईक आणत नाही. ते वाट पाहण्याची ताकद विकत देते, तीही महागात.

आणि कारागीर केवळ कर्ज मागणारा असतो असे तरी कुठे आहे? तो बचतही करतो. त्याच पेणमध्ये २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेचे व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांनी थांबले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. हाताने काम करणाऱ्याला आधी आपले स्वतःचे पैसे सुरक्षित राहतील अशी जागा हवी, मग दुसऱ्याचे.

तर मग आगाऊ रक्कम द्यावी, प्रश्न सुटला? इतके सोपे नाही, आणि इथेच हा प्रश्न मला नैतिक वाटतो. आगाऊ रकमेचा आपल्या देशातला इतिहास काळा आहे. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनी विणकरांना दादन देत असे, म्हणजे आगाऊ पैसेच. १७५३ पर्यंत ते दादनी व्यापाऱ्यांमार्फत जाई, पुढे कंपनीच्या गुमास्त्यांमार्फत. प्लासीनंतर सत्ता आली आणि त्या आगाऊ रकमेचा फास झाला. विणकराने पैसे नको म्हटले तरी ते बळेच त्याच्या हाती कोंबायचे, भाव गुमास्ता ठरवणार आणि माल दुसऱ्याला विकलास तर फटके. इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले असे आपण लहानपणापासून ऐकतो. कंपनीचाच एक माजी नोकर विल्यम बोल्ट्स याने १७७२ साली लिहिले ते याहून भयंकर आहे. रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी या सक्तीतून सुटण्यासाठी आपलेच अंगठे तोडून घेतले, असे तो सांगतो.

त्यामुळे आगाऊ रक्कम आणि आगाऊ रक्कम यांत फरक करायला हवा. व्यापाऱ्याचे पाच टका, गुमास्त्याचे दादन आणि आपण पाठवलेले डॉलर हे दिसायला एकच. पैसे देताना आपण बदल्यात काय मागतो, यावर सगळे अवलंबून आहे. मूर्ती मागतो की माणूस? "एवढे आधी दिले, आता पुढच्या वर्षी आम्हालाच द्यायचे, दुसऱ्या मंडळाला हा नमुना दाखवायचा नाही, भाव मागच्याच वर्षीचा" असे सुरू झाले की आपण गुमास्ते झालो. न्याय्य व्यापाराची तत्त्वे मांडणाऱ्या जागतिक संघटनेने हस्तकलेसाठी एक साधा दंडक घातला आहे : कारागिराने मागितले तर किमान निम्मी रक्कम आधी आणि बिनव्याजी. भारताच्या २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यानेही पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे चुकते करण्याचे बंधन आणि उशिरासाठी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगितले आहे. कायदा चांगला आहे. पण वर्षाला एकदा येणाऱ्या व्यापाऱ्यावर खटला भरून पुढच्या गणपतीला मूर्ती कुणाला विकायच्या, हे कायद्यात लिहिलेले नाही.

सरकारी योजना काहीच करत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि मूर्तिकार, कुंभार, चांभार त्यांत येतात. तारणाशिवाय आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख, व्याज ५ टक्के. ज्याला हे मिळाले त्याचे वर्षाचे ओझे खरोखर उतरते. तरीही ते कर्जच आहे. ज्या वर्षी धंदा बुडतो त्या वर्षीही ते फेडायचे असते.

आणि धंदा बुडतो तो नेहमी त्याच्या चुकीने नव्हे. २०२० साली साथीमुळे सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंतच असा राज्य सरकारचा निर्णय झाला, तोवर उंच मूर्ती उभ्या राहिल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वे आणली. अंमलबजावणी पुढे-पुढे जात राहिली आणि २०२५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला मात्र नाही. नद्या आणि समुद्र स्वच्छ राहावेत याबद्दल आपले दुमत नाही. आपण परदेशातली मंडळी तर 'इको-फ्रेंडली' मूर्तीचा आग्रह हिरिरीने धरतो. पण शाडूची मूर्ती जड, नाजूक, वाळायला सावकाश आणि खर्चाला जास्त. म्हणजे तेवढ्याच मूर्तींना अधिक पैसा अधिक काळ गुंतवायचा. आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे बिल कुणाच्या नावावर फाटते ते एकदा बघायला हवे. आग्रह आपला असेल तर त्यासाठी लागणारे खेळते भांडवलही आपले असावे, असे मला स्वच्छ वाटते.

यावर एक भाबडा उपाय नेहमी सुचवला जातो, कर्जे माफ करून टाका. त्यासाठी तुकोबांचा दाखला देतात. देहूच्या त्या घराण्यात महाजनकी होती आणि दुष्काळानंतर तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपल्याला माहीत आहे. त्यातला एक तपशील मात्र आपण वगळतो. त्यांनी धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा आधी त्याच्या हाती दिला आणि बुडवली ती आपल्या वाट्याची खते. दुसऱ्याचे येणे माफ करून पुण्य मिळवण्याचा मार्ग त्यांना सुचला नाही. आणि मूर्तिकाराच्या बाबतीत तर खते आपल्याकडे नाहीतच, ती त्याच्याकडे आहेत. बुडवायची झाली तर त्याने बुडवायची, आणि ती तो दर वर्षी थोडी थोडी बुडवतोच.

आपल्याकडे दानाला तोटा नाही. कोकणात पूर आला की इथून चेक जातात, आणि ते जावेतच. पण दान देणारा वर उभा असतो आणि घेणारा खाली. वेळेवर दिलेले पैसे दोघांना एका पातळीवर ठेवतात. कष्टाचा दाम उशिरा देऊन वर देणगी देणे, ही मला विचित्र उलाढाल वाटते.

मंडळांचे खजिनदार इथे हात वर करतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पैसा वर्गणीदारांचा, पेण हजारो मैलांवर, आणि मूर्ती आलीच नाही तर उत्तर कोणी द्यायचे? धोका आहेच. पण आजही तो नाहीसा झालेला नाही, तो सगळा एका बाजूला ठेवलेला आहे. अर्धी रक्कम मागणीबरोबर, उरलेली मूर्ती पेटाऱ्यात बसली की. वाटेत भंगली तर नुकसान कोणाचे ते आधी लिहून ठेवायचे. आणि मधल्या निर्यातदारामार्फत व्यवहार असेल तर त्याला एक प्रश्न विचारायचा : तुम्ही मूर्तिकाराला पैसे कधी देता? उत्तराला वेळ लागला तर ते उत्तरच समजावे.

अडचण खरी आहे ती वेळापत्रकाची. आपली मंडळे मूर्तीचा विचार वर्गणी जमल्यावर, बहुधा वसंत ऋतूत करतात. तोवर पेणमध्ये अर्धे वर्ष सरलेले असते आणि पहिले व्याजही भरून झालेले असते. मागणी जायला हवी ती दसरा-दिवाळीच्या सुमारास. हमरापूरच्या शेडमध्ये साचे धुवून ठेवतात ते त्याच दिवसांत, आणि आपल्या नव्या कार्यकारिणीची पहिली बैठकही साधारण तेव्हाच असते.